शर्टातला ओझोन

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधल्या शाळेत मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं सातवीच्या वर्गाला एकच प्रश्न विचारला. वायुमंडलाचा धडा ऑगस्टमध्ये यायचा. पावसाने जरा उघडीप दिली की मी अख्खा वर्ग मैदानावर काढायचे, ओल्या गवतात उभा करायचे आणि विचारायचे, "बताओ, आसमान कहाँ से शुरू होता है?"

मुलं वर बोटं करायची. कुणी पाण्याच्या टाकीच्या वर दाखवायचं, कुणी कारखान्याच्या उंच शेडच्या वर. एखादा शहाणा "बादल के ऊपर से" म्हणायचा. सगळ्यांचं सांगून झालं की मी साडीची किनार किंचित उचलून माझ्या चपलेकडे बोट करायचे. "यहाँ से. जहाँ ज़मीन खतम, वहीं से आसमान शुरू. तुम लोग अभी आसमान में खड़े हो." मुलं आपापल्या बुटांकडे बघत राहायची. एकदा इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी हे पाहिलं आणि शेऱ्यांच्या वहीत चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या. त्या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षं भाव खाल्ला.

तेच वाक्य एका मुलीने मला परत ऐकवलं, तेव्हा मात्र ते मला पचलं नाही. त्या दोन दिवसांबद्दल मी कुठेच कधी खरं बोलले नाही. आता लिहिते आहे, कारण तीन वर्षांपूर्वी त्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग मला कळला आणि तेव्हापासून तो घशाखाली उतरत नाही.

मी पुण्याची. लग्न होऊन भोपाळला आले. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, विजेची अवजड यंत्रं बनवणारा कारखाना. शाळेत असताना मी तपांबर, स्थितांबर, मध्यांबर अशी घोकंपट्टी केली होती. इथे हिंदी माध्यमात त्यांची क्षोभमंडल, समतापमंडल, मध्यमंडल झाली. नावं बदलली तरी थर तेच, त्यामुळे मला काही जड गेलं नाही. खरं तर मला कधीच काही जड जात नाही अशीच माझी समजूत होती. तोंडही तिखट. वर्गात कुणी चुकलं की मी ओरडायचे नाही, टोमणा मारायचे. वर्ग हसायचा, चुकलेलं मूल मान खाली घालायचं, आणि मला वाटायचं, आपला तास किती जिवंत असतो.

टाउनशिपमध्ये माणसाची ओळख क्वार्टरवरून व्हायची. कोण कुठल्या टाइपच्या क्वार्टरमध्ये राहतो हे कळलं की त्याचा हुद्दा, पगार, त्याच्या बायकोला "भाभीजी" म्हणायचं की "मॅडम", सगळं आपोआप ठरायचं. वायुमंडलाचे थर मुलांना पाठ करावे लागायचे. टाउनशिपचे थर मात्र त्यांना दुधाचे दात पडायच्या आधीच कळलेले असायचे. आमचं क्वार्टर बंगलीवजा होतं, पुढे बाग, मागे आंब्याचं झाड. मी त्याचा गर्व करत नसे असं तेव्हा म्हणायचे. आज म्हणणार नाही.

ती मुलगी मराठीच होती. तिचे वडील नागपूरकडचे, कारखान्यात टेक्निशियन, तेही माझ्या नवऱ्याच्याच विभागात, टेस्टिंगच्या शेडमध्ये. कारखान्यात अशा शेडला सगळे शॉप म्हणायचे. तयार झालेला ट्रान्सफॉर्मर गावोगाव पाठवण्याआधी त्याच्यावर लाखो व्होल्टचा दाब देऊन पाहतात, ते काम तिथे चाले. म्हणजे माझा नवरा त्यांचा साहेब. रांगेतल्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये ते कुटुंब राहायचं. मुलगी किडकिडीत, दोन वेण्या, तिसऱ्या बाकावर. तिला सारखं काही ना काही विचारायचं असायचं. मी मुद्दाम तिच्याकडे उशिरा बघायचे, नाहीतर तास संपायचाच नाही. वर केलेला हात दुखायला लागला की ती दुसऱ्या हाताने त्याचं कोपर धरायची, पण हात खाली घ्यायची नाही.

त्या वर्षीच्या घटक चाचणीत एका मार्काचा प्रश्न होता: ओज़ोन कहाँ पाई जाती है? उत्तर एका शब्दाचं, समतापमंडल. तिने लिहिलं होतं, "समतापमंडल में, और मेरे पापा की शॉप में. पापा की कमीज़ से भी ओज़ोन की गंध आती है."

पेपर तपासताना मला आधी हसू आलं आणि मग राग. अर्धं उत्तर तर बरोबर होतं. एवढं बघून सरळ एक मार्क द्यायला काय हरकत होती? पण मी लाल रेघ मारली, शून्य लिहिलं, आणि खाली शेरा दिला: "घर की बातें पेपर में न लिखें. पालक मिलें." त्या शेऱ्याखाली पालकांची सही घेऊन पेपर परत आणायचा, असा शाळेचा नियम होता.

पेपर वाटले त्या दिवशी मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण इतकं मजेशीर उत्तर वर्गाला वाचून न दाखवणं माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं. मी तिला उभं केलं आणि उत्तर मोठ्याने वाचलं. वर्ग खदखदला.

"मॅडम, सच में आती है," ती म्हणाली. "बिजली कड़कने के बाद जैसी गंध आती है ना, वैसी. शॉप में बोर्ड भी लगा है."

"अच्छा!" मी म्हटलं. "यानी पूरी धरती को धूप से बचाने वाली परत तुम्हारे पापा कमीज़ में रखकर घर ले आते हैं? और मम्मी शाम को धो देती होंगी?"

मागून एक मुलगा ओरडला, "इसीलिए तो उसमें छेद हो गया, मॅडम!"

वर्ग बाकं बडवायला लागला. मीही हसले. बाकी सगळं विसरायला झालं तरी हे मला विसरता येत नाही. मी तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

ती मात्र बसली नाही. हसणं ओसरेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मॅडम, आपने ही कहा था, आसमान नीचे से शुरू होता है. तो फिर ओज़ोन नीचे क्यों नहीं हो सकती?"

सव्वीस वर्षांत मला वर्गातून विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता. माझंच वाक्य तिने घेतलं होतं आणि एक पाऊल पुढे नेलं होतं. असा प्रश्न ऐकला तर शिक्षकाला आनंद व्हायला पाहिजे. माझी मात्र कानशिलं तापली. एका टेक्निशियनची पोर भर वर्गात मला माझंच वाक्य शिकवते! हे मनातसुद्धा मी याच शब्दांत म्हटलं, यात काही लपवण्यासारखं आता राहिलेलं नाही.

"ज़बान मत लड़ाओ," मी म्हटलं. "कल पापा को लेकर आना."

मधल्या सुट्टीत मुलं तिला "ओज़ोन, ए ओज़ोन" म्हणून हाका मारताना मी ऐकलं. मी स्टाफरूमच्या खिडकीत उभी होते. हाक मारून त्यांना दटावता आलं असतं. मी डबा उघडला.

संध्याकाळी चहाच्या वेळी नवऱ्याला ही गंमत सांगितली. मी नकला चांगल्या करते. तिचा आवाज काढला, मागच्या मुलाचा काढला, छेदाचा विनोदही सांगितला. नवरा हसला नाही. त्याने बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला.

"अगं, ती बरोबर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"टेस्टिंगच्या वेळी एवढा मोठा दाब देतो, तेव्हा आजूबाजूच्या हवेतून ठिणग्या झरतात. जांभळट उजेड दिसतो. त्या हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो. वीज चमकून गेल्यावर जो वास येतो तोच. शेडमध्ये तर तो इतका साचतो की मोठे पंखे लावून बाहेर काढावा लागतो. नाकात, घशात जळजळतं. वर आकाशात आहे तोपर्यंत चांगला, खाली श्वासात गेला तर विषच की."

मी भांडायला लागले. "अहो, मग इतक्या वर्षांत तुमच्या शर्टाला कसा कधी वास आला नाही?"

तो थोडा ओशाळला. "मी काचेच्या केबिनमध्ये बसतो. आत एअर कंडिशनर आहे. खाली ते लोक असतात."

इतर कुठल्या गावात असं घडलं असतं तर एक वेळ सोडून देता आलं असतं. पण हे भोपाळ. हवेने इथे काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या शहरात एका मुलीने हवेला वास येतो असं सांगितलं, तर बाकी काही नाही तरी निदान ऐकून घ्यायला हवं, एवढी अक्कल मला असायला पाहिजे होती. मला शरम वाटली, पण ती कशी, तर आपण पकडले गेलो याची. तिच्याविषयी अजून काही वाटायला सुरुवात झाली नव्हती.

"उद्या वर्गात सांगून टाक," नवरा म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे. मुलांनाही बरं असतं, बाईसुद्धा चुकतात हे कळलेलं."

"सांगते," मी म्हटलं. आणि खरंच सांगणार होते. सकाळी भाजी चिरताना वाक्यं जुळवली. "बच्चों, कल मुझसे एक गलती हुई." हे वाक्य मी चांगलं चार-पाच वेळा मनात म्हणून पाहिलं. ते म्हणताना मी कशी दिसेन, मुलं कशी भारावून बघतील, याचंही चित्र रंगवलं. इन्स्पेक्शनचे साहेब त्या वेळी असते तर बरं, असंही मनात येऊन गेलं. माणूस माफी मागायच्या तयारीतसुद्धा आधी आरसा शोधतो.

सातवीचा तास मधल्या सुट्टीनंतर होता. सुट्टी संपायला दहा मिनिटं असताना तिचे वडील स्टाफरूमच्या दारात आले. मीच बोलावलं होतं, पण मी ते विसरून गेले होते. कारखान्याचा निळा युनिफॉर्म, गेटपास काढून शिफ्टमधून आलेले. हात स्वच्छ धुतलेले. शेजारी ती. स्टाफरूममध्ये आम्ही सहा-सात जणी होतो. सगळ्यांनी बोलणं थांबवून वर पाहिलं. कालचा किस्सा मीच त्यांना रंगवून सांगितलेला होता.

त्यांनी नमस्कार केला आणि पेपर माझ्यासमोर टेबलावर उलगडून ठेवला. "मॅडम, पेपर आणलाय जी. तुम्ही एकदा बघून घ्या," ते मराठीत म्हणाले.

माझ्या शेऱ्याखाली त्यांची वळणदार सही होती. मी तेवढीच बघितली. "सही झाली ना? ठीक आहे," मी म्हटलं.

ते गेले नाहीत. हात जोडलेले तसेच ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, घाबरले आहेत. साहेबांच्या बायकोने बोलावलंय, आता काय ऐकावं लागतंय म्हणून. मुलगी मात्र घाबरलेली दिसत नव्हती. स्वच्छ पांढऱ्या रिबिनी, नीट विंचरलेले केस, आणि चेहऱ्यावर काहीतरी मिळणार असल्यासारखा भाव. माझ्याकडे सरळ बघत होती. मला तो उद्धटपणा वाटला. कालच्या तमाशानंतर हिची मान अजून वरच कशी?

सकाळी जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडाशी होती. हिंदीतली होती, आता मराठीत म्हणायला लागली असती, एवढाच फरक. पण सहा जणी बघत होत्या. शेजारच्या भूगोलाच्या बाईंनी तर स्वेटरच्या सुया खाली ठेवल्या होत्या. मी लाल पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. कुणीच बोलत नव्हतं. ते किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मला खूप वाटलं.

शेवटी तेच बोलले. मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "माफी माग बाई, मॅडमची."

तिने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिला काही कळत नव्हतं, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"पोरगी लहान आहे जी मॅडम," ते म्हणाले. "बोलून जाते. समजून घ्या."

"सॉरी, मॅडम," ती म्हणाली.

आणि मी, आदल्या संध्याकाळपासून सगळं माहीत असलेली मी, म्हटलं, "ठीक है. आगे से ध्यान रखना."

ते वाकून नमस्कार करून गेले. पेपर मी ड्रॉवरमध्ये टाकला. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "सीधे आदमी हैं बेचारे." घंटा झाली, मी सातवीवर गेले आणि वायुदाबाचा नवा धडा सुरू केला. ज्याच्यापुढे एकदा "ध्यान रखना" म्हटलं, त्याच्यापुढे "मी चुकले" कसं म्हणायचं? आता खूप उशीर झाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर त्या गोष्टीला जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती.

संध्याकाळी नवऱ्याने आल्या आल्या विचारलं, "सांगितलंस?"

"हो," मी म्हटलं.

"काय म्हणाली पोर?"

"खूश झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या."

टाळ्या मी का घातल्या ते मला सांगता येणार नाही. खोटं एकदा बोलायचंच तर कशाला हात आखडता घ्यायचा, असं काहीसं झालं असावं. नवऱ्याचा चेहरा इतका उजळला की मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

पुढच्या महिन्यात विश्वकर्मा पूजा आली. त्या एका दिवशी कारखाना घरच्यांना उघडा असतो. यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात, प्रसाद वाटतात, बायकामुलं नटूनथटून शेड बघायला जातात. मीही दरवर्षी जायचे. साहेबलोकांच्या बायकांसाठी पूजेच्या पुढे खुर्च्या मांडलेल्या असत. तिथे बसायचं, प्रसाद खायचा आणि परत यायचं. त्या वर्षी मी खुर्चीवरून उठले आणि शेडच्या टोकापर्यंत चालत गेले. यंत्रं बंद होती, त्यामुळे वास कसला नव्हता. भिंतीवर हातभर लांब पिवळी पाटी होती. ओझोन तयार होतो, चाचणीच्या आधी पंखे सुरू करा, अशी हिंदीत ठळक सूचना. पाटीचा रंग उडायला आला होता, म्हणजे ती बरीच वर्षं तिथे होती आणि मी बरीच वर्षं तिच्यापासून पन्नास पावलांवर बसून बुंदीचे लाडू खात होते.

जवळच ते कुटुंब उभं होतं. वडिलांनी नमस्कार केला. मुलीने केला नाही. ती त्या पाटीकडेही बघत नव्हती आणि माझ्याकडेही.

तिने परत वर्गात हात वर केला नाही. मी वाट बघायचे. सोपे प्रश्न विचारायचे, तिला येतीलच असे, आणि तिसऱ्या बाकाकडे बघायचे. ती वहीत बघत असायची. नाव घेऊन विचारलं तर उभी राहून पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणायची. वार्षिक परीक्षेत ओझोनचा प्रश्न परत आला. तिने लिहिलं होतं, "समतापमंडल में." मी तिला पूर्ण मार्क दिले. आठवीनंतर ती दुसऱ्या शाळेत गेली.

आकाश कुठून सुरू होतं हा प्रश्न मी त्यानंतर विचारला नाही. मैदानावर वर्ग नेणं बंद केलं. सहकारी बाईंनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, गुडघे दुखतात. फळ्यावर खडूने पाच रेघा मारायच्या, पाच नावं लिहायची, उंची लिहायची, झालं. मुलं पास होतात तेवढ्याने.

घरी मात्र ही गोष्ट जिवंत राहिली, आणि तीही माझ्या खोट्याच्या रूपात. नवऱ्याला ती फार आवडायची. पाहुणे आले, मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला, की तो सांगायचा, "आमच्या हिने एकदा अख्ख्या वर्गासमोर चूक कबूल केली होती. असं करायला छाती लागते." महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात सांगितली, आमच्या मुलाच्या लग्नात व्याह्यांना सांगितली. मी शेजारी बसून "पुरे हो आता" म्हणायचे. लोकांना वाटायचं, बाई किती विनयशील आहे.

नवरा रिटायर झाला, आम्ही भोपाळमध्येच सोनागिरीत घर घेतलं. तीन वर्षांपूर्वी तो गेला. शेवटपर्यंत त्याला टाळ्याच ऐकू येत राहिल्या.

तेराव्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ, हातात हेल्मेट. मी ओळखलं नाही. "टेस्टिंगमध्ये होतो जी, साहेबांकडे," ते म्हणाले, आणि आवाजावरून ओळखलं. रिटायर होऊन अवधपुरीत राहत होते. गावाला गेले होते म्हणून बातमी उशिरा कळली. मुलगी इंदूरला असते, बँकेत आहे, तिला दोन मुलं, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मी चहा केला. नवऱ्याच्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहून ते येऊन बसले.

"असा साहेब होणार नाही, मॅडम," ते म्हणाले. "तुम्हाला कदाचित माहीत नसेल. आमच्या पोरीचं ते ओझोनचं झालं होतं ना शाळेत? दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट लागायच्या आधी साहेब केबिनमधून खाली आले. शॉपमधल्या सगळ्या पोरांसमोर मला म्हणाले, काल तुमच्या मुलीला शाळेत चुकीचं ठरवलं, ती बरोबर होती. मी घरी सांगितलंय, मॅडम आज तिला स्वतः सांगणार आहेत. कोण साहेब एवढं करतो जी?"

मी कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही शाळेत आलात तेव्हा..."

"हो जी. माहीत होतं ना. पोरीला वर्गातून बोलावलं तेव्हाच सांगितलं, चल, मॅडम तुला काहीतरी चांगलं सांगणार आहेत. केस नीट कर म्हटलं."

त्या पांढऱ्या रिबिनी माझ्या डोळ्यांसमोर आल्या. टेबलावर उलगडून ठेवलेला पेपर आठवला, आणि "तुम्ही एकदा बघून घ्या" हे शब्द. माझ्या हातात लाल पेन होतं. त्यांनी पेपर पेनाजवळ ठेवला होता.

"मग तिला माफी का मागायला लावलीत?" मी विचारलं. विचारायचा मला हक्क नव्हता, तरी विचारलं.

ते जरा अवघडले. "तुम्ही काही बोलेनात. बाकीच्या मॅडम बघत होत्या. मला वाटलं, तुम्हाला अवघड होऊन राहिलं. कुणीतरी काहीतरी बोलायलाच पाहिजे होतं ना जी." त्यांच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. आपण तेव्हा वेळ निभावून नेली, एवढंच ते सांगत होते.

"साहेबांनी नंतर विचारलं नाही तुम्हाला?"

"विचारलं ना. दुसऱ्याच दिवशी. मी म्हटलं, मॅडमनी पोरीला जवळ घेतलं, शाबासकी दिली. साहेब किती खूश झाले होते!"

म्हणजे इतकी वर्षं माझा खोटेपणा मी एकटीने सांभाळला नव्हता. माझ्या नवऱ्याच्या नजरेत मी जी काही राहिले, ती या माणसाने न मागता दिलेल्या साक्षीवर राहिले. मला मान वर करवेना. त्यांचे पाय धरावेत असं वाटलं, आणि तेही मी केलं नाही. वय झालंय, बरं दिसणार नाही, वगैरे. त्याऐवजी मी विचारलं, "आणि तिला? तिला नंतर तुम्ही काय सांगितलंत?"

त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप जपून खाली ठेवला.

"तिला काय सांगणार, मॅडम?" ते म्हणाले. "ती तर तिथेच उभी होती."